दवाखान्याचा निधी आला, पण जागा कोणी ठरवली?

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि जवळपास चार वर्षांच्या प्रशासक राजवटीनंतर श्रीरामपूरला पुन्हा नगरसेवक मिळाले. प्रचारात रस्ते, पाणी, गटारी, अतिक्रमणे हे सगळे नेहमीचे विषय होते. वस्तीतल्या दवाखान्याबद्दल मात्र मी ऐकलेल्या एकाही सभेत कोणी दोन मिनिटे बोलले नाही, आणि आपल्या तरुणांनीही कोणाला विचारले नाही. आश्चर्य याचे वाटते की नेमक्या याच चार वर्षांत प्राथमिक आरोग्यासाठी केंद्राचा मोठा निधी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या नावाने येत होता.

हा निधी १५ व्या वित्त आयोगाचा. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी आयोगाने देशभरातल्या स्थानिक संस्थांमार्फत प्राथमिक आरोग्यावर खर्च करायला ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यातले २४,०२८ कोटी शहरी आरोग्य केंद्रांसाठी, १५,१०५ कोटी ग्रामीण उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रांचा दर्जा वाढवण्यासाठी, १८,४७२ कोटी तपासण्यांच्या सोयींसाठी, ७,१६७ कोटी इमारत नसलेल्या केंद्रांसाठी आणि उरलेले ५,२७९ कोटी तालुका पातळीवरच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेसाठी. विचार चांगला होता. करोनाने शहरांतल्या गरीब वस्त्यांची अवस्था उघडी केली होती आणि दवाखाना लोकांच्या जवळ न्यायचा तर तो लोकांनी निवडलेल्या संस्थेमार्फतच न्यावा, असे आयोगाला वाटले.

महाराष्ट्रात घडले उलटे. २०२१ च्या शेवटापासून एकेका नगरपरिषदेची मुदत संपत गेली. नगरच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले आणि निवडणुका लांबत राहिल्या. निधी 'स्थानिक संस्थेमार्फत' आला खरा, पण निर्णय झाले ते प्रशासक, जिल्हास्तरीय समित्या आणि मंत्रालयातल्या पत्रव्यवहारात. केंद्र कोणत्या वस्तीत उघडायचे, दुपारी दोनला की सकाळी नऊला, भाड्याची जागा कोणाची, हे ठरताना त्या वस्तीतले कोणी खोलीत नव्हते.

जागेचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण वस्तीत काम करणाऱ्याला तो किरकोळ नसतो. शहरी भागात ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १५ ते २० हजारांमागे एक छोटे आरोग्य केंद्र असा निकष आहे. २०११ च्या जनगणनेत श्रीरामपूर शहराची लोकसंख्या सुमारे ८९ हजार होती. जुन्याच आकड्यावर हिशेब केला तरी शहरात चार ते सहा छोटी केंद्रे बसतात. ती मुख्य रस्त्यावर, चांगल्या गाळ्यात उघडली तर कागदावर उद्दिष्ट पूर्ण होते. पण धुणीभांडी करणारी, बाजार समितीत माल निवडायला जाणारी बाई संध्याकाळी सातला घरी येते. तिला केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर हवे आणि त्या वेळी उघडे हवे. राज्य सरकारने २०२३ च्या महाराष्ट्र दिनी 'आपला दवाखाना' योजना राज्यभर नेली, त्यात दुपारी दोन ते रात्री दहा ही वेळ होती. वेळ नेमकी कष्टकऱ्यांच्या सोयीची होती. रात्री नऊला आपल्या भागातल्या दवाखान्याचा दिवा लागलेला असतो का, हे ज्याने त्याने जाऊन पाहावे.

शहराच्या हद्दीबाहेर गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. दत्तनगरसारखी गावे शहराला चिकटलेली आहेत, जगणे शहरी आणि दप्तरात मात्र ग्रामपंचायत. तिथे पाच हजारांमागे एक उपकेंद्र हा ग्रामीण निकष लागतो. हरेगाव आणि टिळकनगर परिसरात शेती महामंडळाच्या मळ्यांवर कामगारांच्या चाळी आहेत. एके काळी या कुटुंबांना महामंडळाच्या कामाचा आधार होता. तो गेल्यावर उरली रोजंदारी. अशा विखुरलेल्या वस्त्या कुठल्याच निकषाच्या चौकटीत नीट बसत नाहीत, म्हणून त्यांची बाजू मांडणारे कोणीतरी समितीत असावे लागते.

यावर कोणी म्हणेल, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, मग अडचण काय? ती योजना गरजेची आहेच, पण ती सुरू होते माणूस दवाखान्यात दाखल झाल्यावर. रक्तदाबाची रोजची गोळी, साखरेची तपासणी, गरोदरपणातले हिमोग्लोबिन, लांबलेला खोकला यांसाठी ती नाही. गोळी परवडत नाही म्हणून चार महिने बंद ठेवलेल्या माणसाला अर्धांगवायू झाला की मग योजना त्याच्यावर खर्च करते, तोही बहुतेक वेळा खासगी रुग्णालयात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आरोग्याच्या पैशातला दोन तृतीयांश किंवा अधिक वाटा प्राथमिक सेवेला द्यावा असे स्पष्ट लिहिले आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही बंद झाले. हा चांगला निर्णय होता. पण केसपेपर मोफत आणि गोळ्या बाहेरच्या मेडिकलमधून, असा अनुभव वस्तीतल्या लोकांकडून आम्ही वारंवार ऐकतो.

आता थोडे दूर जाऊ. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात माउंड बायू नावाचे गाव आहे, गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी १८८७ मध्ये वसवलेले. नागरी हक्कांच्या चळवळीतले डॉक्टर जॅक गायगर यांनी १९६० च्या दशकात सरकारी अनुदानातून तिथे आरोग्य केंद्र उभे केले. कुपोषित मुलांना त्यांचे डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून देत आणि त्याचे बिल केंद्राच्या औषधांच्या खात्यातून भागवत. आज अमेरिकेत अशी सुमारे १,४०० अनुदानित केंद्रे आहेत. त्यांच्या अनुदानाला कायद्याची एक अट आहे: केंद्राच्या संचालक मंडळात निम्म्याहून जास्त, किमान ५१ टक्के सदस्य त्या केंद्रात उपचार घेणारे रुग्ण असले पाहिजेत. ही अट सरकारच्या दयेतून आलेली नाही, तिच्यामागे चळवळीचा रेटा आहे.

आणि इतक्या दूर जायचीही गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. गावातल्याच, बहुतेक निरक्षर आणि अनेक दलित असलेल्या बायांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या बनवले. पाण्याच्या जागा दलित वस्तीत घ्यायच्या, म्हणजे गावाला तिथे यावेच लागेल, हा त्यांचा डाव तर मला कुठल्याही औषधापेक्षा मोठा वाटतो. १९७८ ची आल्मा आटाची प्राथमिक आरोग्याची जागतिक घोषणा ज्या अनुभवांवर उभी राहिली, त्यांत जामखेड होते. तिथे जागा कुठली, हा निर्णयच उपचार होता.

आपल्याकडे समित्या नाहीत असे नाही. गावात आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती आहे, आरोग्य केंद्रांना जन आरोग्य समिती आहे, शहरी वस्तीत ५० ते १०० घरांमागे महिला आरोग्य समिती असावी आणि तिला वर्षाला पाच हजार रुपये खुला निधी मिळावा अशी तरतूद आहे. आपल्या गल्लीतल्या महिला आरोग्य समितीच्या अध्यक्ष कोण, हे किती कार्यकर्त्यांना सांगता येईल? जयंती मंडळाची कार्यकारिणी आपल्याला तोंडपाठ असते.

या केंद्रांपैकी देशातले पहिले केंद्र १४ एप्रिल २०१८ रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीला, छत्तीसगडमधल्या जांगला गावी सुरू झाले. २०२३ मध्ये त्यांचे नाव बदलून 'आयुष्मान आरोग्य मंदिर' केले. नावावर आपल्याकडे बरीच चर्चा झाली, आणि सर्व धर्मांच्या पैशातून चालणाऱ्या दवाखान्याला मंदिर का म्हणावे, हा प्रश्न रास्तच आहे. पण फलकावर जेवढे बोललो, त्याच्या निम्मेही आतल्या रिकाम्या खुर्चीवर बोललो नाही. महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२४ च्या अखेरीस विधिमंडळात मांडला गेला. राज्याच्या आरोग्य विभागात डॉक्टरांची २२ टक्के आणि परिचारिकांची ३५ टक्के कमतरता असल्याचे त्यात म्हटले आहे. जे आहेत त्यांतले अनेक कंत्राटी आहेत.

सगळ्यात खालच्या पायरीवर आशा. सरकार तिला 'स्वयंसेविका' म्हणते, म्हणून तिला पगार नाही, मोबदला आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात संप, पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये संप, आझाद मैदानावरचे ठिय्ये, तेव्हा कुठे मार्च २०२४ मध्ये पाच हजारांची वाढ पदरात पडली. डिसेंबर १९३९ मध्ये आपल्या हरेगावलाच बाबासाहेबांच्या उपस्थितीत वतनदार परिषद भरली होती. सरकारचे काम करून घ्यायचे आणि नोकराचा पगार मात्र द्यायचा नाही, हे वतनी कामाचे मूळ दुखणे होते. आशांचे करारपत्र वाचताना मला ती परिषद आठवते.

पैसा आणखी एका खात्यात आहे. राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती ११.८ टक्के आहेत आणि त्या प्रमाणात उपयोजनेत तरतूद व्हावी असे धोरण आहे. पण ते धोरणच, कायदा नाही. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्येच त्यासाठी कायदे केले. महाराष्ट्रात कायदा नसल्याने काय होते ते मे २०२५ मध्ये दिसले, जेव्हा सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी लाडकी बहीण योजनेकडे वळले आणि खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. जो निधी जिल्ह्यात पोहोचतो, त्यातून आपण काय मागतो? समाजमंदिर, कमान, पेव्हर ब्लॉक. समाजमंदिरे झाली आणि त्यांतली कित्येक वर्षातले तीनशे दिवस कुलपात असतात. शहरी आरोग्य केंद्रांना वस्तीत जागा मिळत नाही म्हणून फायली थांबतात आणि त्याच वस्तीत आपली बांधलेली खोली बंद असते. सगळ्या खोल्या योग्य नसतील, पाणी, शौचालय, उतार लागतो. पण वस्तीने ठराव करून खोली देऊ केली आणि सोबत समितीत जागा मागितली, तर नगरपरिषदेला नाही म्हणणे अवघड जाईल.

आता घाई आहे. १५ व्या वित्त आयोगाची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतचीच. परिचारिकेचा पगार, जागेचे भाडे, तपासणीची रसायने हे दर महिन्याचे खर्च पाच वर्षांच्या अनुदानावर टाकले गेले. पुढे ते राज्य उचलणार की नगरपरिषद, याचे उत्तर नव्या नगरसेवकांनी अर्थसंकल्पाच्या सभेत मागायला हवे, आणि ते मागत नसतील तर त्यांना आपण विचारायला हवे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवस आहे. शहरासाठी किती आरोग्य केंद्रे मंजूर झाली, प्रत्यक्ष किती सुरू आहेत आणि कुठे, वर्षनिहाय किती निधी आला व किती अखर्चित राहिला, डॉक्टर व परिचारिकांची किती पदे भरली आहेत, महिला आरोग्य समित्यांच्या सदस्यांची यादी आणि त्यांच्या बैठकांची इतिवृत्ते, एवढे मागवले तरी पुरे. एक अर्ज नगरपरिषदेकडे आणि तसाच दुसरा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे द्यावा, म्हणजे दत्तनगर आणि मळ्यांवरच्या वस्त्या सुटणार नाहीत.