कोंडवाड्याचा जमाखर्च

वसुबारस म्हणजे दिवाळीचा पहिला दिवा. त्या संध्याकाळी सवत्स धेनूची पूजा करावी, तिला नैवेद्य दाखवावा, ही रीत आपल्या घरांतून अजून पाळली जाते. खेड्यात त्याला काही सायास पडत नाहीत. गाय गोठ्यात असतेच. पण सोलापूरसारख्या शहरात गृहिणीला निरांजनाचे ताट पदराआड धरून गाय शोधत हिंडावे लागते. पुन्हा ती वासरासह हवी! मग कुणीतरी सांगते की अमक्या बोळात एक उभी आहे, आणि चार घरच्या बायका तिकडे धावतात.

गंमत अशी की, हीच गाय उरलेले दिवस शोधावी लागत नाही. ती भाजीमंडईबाहेर कुजका कोबी आणि प्लॅस्टिकची पिशवी एकाच घासात चावीत असते. भर चौकात ती रवंथ करीत बसते, आणि मोटारसायकलवाले तिला वळसा घालताना तिच्या मालकाचा उद्धार करतात. वर्षातून एक दिवस ताट नि बाकीचे दिवस काठी, असा हा आपला हिशेब आहे. कुत्र्यांची कथा तर याहून निराळी. त्यांच्या वाट्याला ताटाचा दिवसही येत नाही.

मग प्रश्न असा पडतो की, हे रस्त्यावरचे जनावर कुणाचे? त्याला ठेवायचे कुठे, आणि त्याच्या चाऱ्याचे पैसे कुणी द्यायचे?

याचे आपल्याकडचे सर्वांत जुने सरकारी उत्तर म्हणजे कोंडवाडा. हा शब्द आपण इतका पचवला आहे की, दोन खोल्यांत आठ माणसे राहू लागली म्हणजे आपण त्या बिऱ्हाडालाही कोंडवाडाच म्हणतो! पण मूळ कोंडवाडा ही कायद्याने उभारलेली संस्था आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला. दुसऱ्याच्या शेतात शिरलेले किंवा रस्त्यावर मोकाट सुटलेले जनावर धरून कोंडवाड्यात घालायचे, आणि मालकाने दंड नि चारापाण्याचा खर्च भरून ते सोडवून न्यायचे, अशी ती योजना. दंडाचे कोष्टकही मोठे वाचनीय आहे. हत्तीला दोन रुपये. उंट किंवा म्हैस असेल तर आठ आणे. घोडा, बैल, गाय यांना चार आणे. वासरू, गाढव, डुक्कर यांना दोन आणे. शेळीमेंढीला एक आणा. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलिसांना कळवून जाहीर नोटीस लावायची, आणखी सात दिवस वाट पाहायची, आणि मग लिलाव पुकारायचा. एवढे करून खर्च भागून काही शिल्लक उरली, तर ती रस्ते, पूल अशा लोकोपयोगी कामांकडे वळवण्याची सोयही मूळ कायद्यात होती. म्हणजे कोंडवाडा हे खर्चाचे नव्हे, जमेचे खाते होते.

या योजनेच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे, तिकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. जनावर मोलाचे आहे, म्हणून मालक धावत येईल. आणि तो न आलाच तर विकत घेणारा मिळेल. कोणतेही जनावर पंधरा-वीस दिवसांपेक्षा अधिक काळ सरकारच्या गळ्यात पडणार नाही. तेव्हा कायमच्या चाऱ्याची तरतूद करण्याचे कारणच नव्हते!

मग म्हाताऱ्या, लंगड्या, बिनमोलाच्या जनावराचे काय? त्याचे उत्तर सरकारने दिले नाही, व्यापाऱ्यांनी दिले. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता, आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम होते. त्यावरून त्या वर्षीच्या जून महिन्यात पारशी मंडळींनी मोठा दंगा केला. इतर समाजांचे लोकही त्यांत मिळाले आणि शहराचा बाजार बंद पडला. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि त्यांच्या गुजराती व्यापारी सहकाऱ्यांनी भुलेश्वरला पांजरपोळ उघडली. तिचा खर्च व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वखुषीने ‘लाग’ बसवून चालवला. व्यापारी पेठांच्या गावी अशा पांजरपोळी होत गेल्या. आपल्या सोलापुरातला पांजरपोळ चौक सर्वांच्या पायाखालचा आहे. रोज तिथून जाणाऱ्या किती जणांच्या मनात त्या नावाचा अर्थ येत असेल, हा भाग वेगळा!

अशी ही जुनी वाटणी होती. ज्याला मालक आहे ते जनावर कोंडवाड्यात, आणि ज्याला कुणीच नाही ते पांजरपोळीत. एकाचा खर्च दंडातून निघे, दुसऱ्याचा धर्मादायातून. म्युनिसिपालिटीच्या तिजोरीला दोन्हींची फारशी झळ नव्हती.

आता ही घडी विस्कटली आहे. शेतात ट्रॅक्टर आला. सिद्धेश्वराच्या गड्ड्यात ज्या खिलारी जोडीभोवती माणसांचे कोंडाळे पडते, तीच जोडी थकल्यावर तिला दावणीला ठेवणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही. २०१५ पासून आपल्या राज्यात बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे. त्या कायद्याच्या बऱ्यावाईटाचा खल इथे करायचा नाही. पण थकलेल्या बैलाला पूर्वीसारखे गिऱ्हाईक नाही, ही गोष्ट कुणीही मान्य करील. म्हणजे कोंडवाड्यात धरून आणलेल्या अशा जनावराचा मालक येत नाही, आणि लिलावाचा मार्गही खुंटला. शहरातल्या गवळ्यांपैकी काही जण धार काढून गाय रस्त्यावर सोडतात. ती धरली तर दंड भरून नेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडतात. दंडापेक्षा चारा महाग, हा त्यांचा हिशेब काही चुकीचा नाही! कुत्र्याला तर मालकही नाही नि मोलही नाही.

इकडे कायदा मात्र पुढे गेला आहे. १९९२ च्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे सोपवायच्या अठरा कामांची यादी घटनेला जोडली. बाराव्या परिशिष्टातल्या त्या यादीचे पंधरावे कलम पाहा: कोंडवाडे, आणि प्राण्यांशी होणाऱ्या क्रूरतेस प्रतिबंध. दोन्ही गोष्टी एकाच ओळीत शेजारी बसल्या आहेत. आपल्या नगरपालिकांनी त्यातला पहिला शब्द पाठ केला आणि उरलेली ओळ बहुधा पुढच्या वर्षावर ठेवली.

कुत्र्यांसाठी २००१ साली केंद्र सरकारचे नियम आले, आणि २०२३ साली ते नव्याने झाले. त्यांच्यानुसार जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. कुत्रे धरायचे, त्याची शस्त्रक्रिया करायची, पिसाळीची लस टोचायची, किमान चार दिवस शुश्रूषेत ठेवायचे आणि जिथून आणले तिथेच सोडायचे. २०२५ साली हा विषय सर्वोच्च न्यायालयात गाजला. ११ ऑगस्टला दिल्ली नि आसपासची सर्व भटकी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला, आणि पिसाळलेली किंवा अंगावर येणारी सोडून बाकीची लस टोचून परत सोडावीत असे सांगितले. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, इस्पितळे, बसस्थानके अशा आवारांतली कुत्री निवाऱ्यात न्यावीत आणि हमरस्त्यांवरची मोकाट गुरे हटवावीत, असाही आदेश झाला. न्यायालयाने ‘निवारा’ हा एक शब्द लिहिला. त्या शब्दाखालचा आकडा मात्र गावोगावच्या नगरपालिकांनी लिहायचा आहे.

आमच्या शेजारी एक निवृत्त हिशेबनीस राहतात. सारी आळी त्यांना अण्णा म्हणते. त्यांच्यापुढे हा विषय काढला तेव्हा ते चष्म्यावरून पाहात म्हणाले, “अहो, नळाच्या पाण्यासाठी दिवस मोजीत आपण म्हातारे झालो, आणि तुम्ही गुराकुत्र्यांची धर्मशाळा काढायला निघालात? पैसा कुठला?”

“अण्णा, तो हिशेब तुम्हीच मांडा,” मी म्हटले.

त्यांनी खरोखरीच कागद ओढला. २०२४ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने गोशाळांना देशी गायींसाठी रोज गायीमागे ५० रुपये देण्याचे ठरवले. पन्नास गायी धरल्या तर दिवसाला २,५०० रुपये, आणि वर्षाचे ९,१२,५०० रुपये. “पण पन्नास रुपयांत गाय पोसली जाते का हो?” अण्णांनीच शंका काढली. याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. २०१९ च्या दुष्काळात सांगोला, मंगळवेढा भागात चारा छावण्या उघडल्या होत्या. तिथे मोठ्या जनावरामागे रोजचा दर अखेरीस १०० रुपयांपर्यंत वाढवावा लागला. त्या दराने पन्नास जनावरांचे वर्षाचे १८,२५,००० रुपये होतात. म्हणजे सरकारी मदतीतून निम्मा खर्च निघेल. उरलेला निम्मा पालिकेने घालायचा की दात्यांनी, हे आधी ठरले पाहिजे. ते न ठरवता नुसती शेड बांधली, तर पहिल्या उन्हाळ्यातच तिथे जनावरांचे हाल सुरू व्हायचे.

मग कुत्र्यांचे कोष्टक झाले. शस्त्रक्रिया, शुश्रूषा आणि धरणे-सोडणे मिळून एका कुत्र्यामागे १,६५० रुपयांचा दर केंद्राच्या जीवजंतु कल्याण मंडळाने सुचवला होता. हा खर्च एकदाच करायचा. उलट ते कुत्रे जन्मभर निवाऱ्यात ठेवायचे म्हटले, आणि त्याच्या अन्नाचे रोजचे नुसते ४० रुपये धरले, तरी वर्षाचे १४,६०० रुपये झाले. आणि तेही दर वर्षी. अण्णांनी दोन्ही आकड्यांखाली रेघ मारली. “म्हणजे निवारा सगळ्यांसाठी नको. आजारी, पिसाळलेली, चावरी, आणि ज्यांना परत सोडता येत नाही, एवढ्यांसाठीच हवा. बाकीच्यांची शस्त्रक्रिया करा; पण सगळ्यांची करा! एका पेठेत करायची नि शेजारची पेठ तशीच सोडायची, तर ते फुटक्या हौदात पाणी भरल्यासारखे आहे.” थोडे थांबून ते म्हणाले, “आणि हे पाहा, शेड हा एकदाचा खर्च. चारा, डॉक्टर, राखणदार हा पगाराच्या जातीचा खर्च. तो दर महिन्याच्या एक तारखेला उभा राहतो. आपले लोक पहिल्याचे उद्घाटन करतात आणि दुसऱ्याचे खाते उघडायलाच विसरतात.”

आमच्या मते सगळ्या विषयाचे मर्म अण्णांच्या या वाक्यात आहे.

परमुलखातही हाच धडा मिळाला आहे. न्यूयॉर्क शहराने १८९४ साली भटक्या कुत्र्यांचे काम तिथल्या प्राणिरक्षक संस्थेकडे सोपवले, आणि खर्चासाठी कुत्र्यांच्या परवान्याची फी त्याच संस्थेला लावून दिली. काम आणि पैसा दोन्ही एकाच हुकुमात दिली, म्हणून ती व्यवस्था सुमारे शंभर वर्षे टिकली. तुर्कस्तानात २०२४ साली रस्त्यावरची कुत्री निवाऱ्यात नेण्याचा कायदा झाला. त्यावर तिथे मोठा गदारोळ उठला, आणि तो योग्यही असेल. पण त्या कायद्यात एक गोष्ट घेण्यासारखी आहे. नगरपालिकांनी अंदाजपत्रकाचा किमान ०.३ टक्का या कामावर खर्च केला पाहिजे, असा आकडाच त्यांनी घालून दिला.

आपल्याकडे पैशाच्या वाटा अगदीच बंद आहेत असे नाही. महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्यात कुत्र्यांवर कर बसवण्याची मुभा आहे. हजारो रुपयांचे विलायती जातीचे पिल्लू हौसेने घेणाऱ्याला वर्षाची लहानशी फी जड जाऊ नये. मोकाट गुरांच्या मालकांचा दंड चाऱ्याच्या खर्चाहून जास्त ठेवला, आणि दुसऱ्या वेळी तो दुप्पट केला, तर गवळ्यांचाही हिशेब बदलेल. राज्याची मदत आहे, पांजरपोळीला देणारे दाते आहेत. मात्र हे सगळे ओहोळ एका खात्यात आले पाहिजेत, आणि त्या खात्याला महापालिकेच्या अंदाजपत्रकात स्वतःची ओळ पाहिजे.

घरातल्या मंडळींनीही यात काही करण्यासारखे आहे. शिळे अन्न पिशवीला गाठ मारून कोपऱ्यावर फेकू नये. गाय ते पिशवीसकट खाते. कुत्र्यांना घालायचेच तर ठरल्या जागी, मुलांच्या वाटेपासून दूर घालावे. पाळलेल्या कुत्र्याला लस टोचावी. आणि कुत्रे चावले तर हळद-चुना करीत न बसता जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच इस्पितळ गाठावे. पिसाळीचा रोग एकदा उमटला की त्यावर इलाज जवळजवळ नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो.

दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास महापालिकेचे अंदाजपत्रक येते. आपण वर्तमानपत्रात घरपट्टी वाढली की नाही तेवढे पाहतो आणि पान उलटतो. येत्या वर्षी आणखी एक ओळ शोधा. जनावरांच्या निवाऱ्याला पैसा ठेवला आहे काय? ठेवला असेल तर त्यात बांधकामाचा किती आणि चाऱ्याचा, औषधाचा, माणसांचा किती? गेल्या वर्षी ठेवलेला खर्च झाला की परत गेला? दाराशी मते मागायला येणाऱ्यालाही हेच विचारा. १९३० साली परक्या राज्यात आपल्या इमारतीवर तिरंगा चढवणारी ही सोलापूरची नगरपालिका. एवढी हिंमत दाखवणाऱ्या गावाला अंदाजपत्रकात चाऱ्याची एक ओळ लिहिणे खचित अवघड नाही. विचारणारा मात्र पाहिजे.