हक्क ग्रॅममध्ये, पैसा रुपयांत

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये अंगणवाडीतल्या बालकाला आहाराचा हक्क दिला. तो मोघम ठेवला नाही. उष्मांक किती, प्रथिने किती ग्रॅम, हे परिशिष्टात नोंदवले. त्यासाठी लागणारा पैसा मात्र सरकारी आदेशाने ठरतो. २०१७ मध्ये सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलामागे दिवसाला ८ रुपये, गरोदर आणि स्तनदा मातांसाठी साडेनऊ, तीव्र कुपोषित बालकासाठी १२ रुपये असा दर ठरला. पुढे डाळ, तेल, दूध महागत गेले आणि दर तिथेच राहिला. तो वाढवण्याची घोषणा व्हायला २०२५ चा केंद्रीय अर्थसंकल्प उजाडावा लागला. मुलांच्या हक्काला कात्री लावायला कुणाला सहीसुद्धा करावी लागली नाही. ते काम महागाईने परस्पर केले. मातृत्व लाभाचेही तेच. कायद्यात किमान ६,००० रुपये लिहिले ते २०१३ मध्ये, आणि आकडा आजही तोच आहे.

दर आपोआप वाढवणे सरकारला जमत नाही, असे नाही. कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा सुधारला जातो, आणि ते रास्तच आहे. शालेय पोषण आहारात तर वाट निघालेलीच आहे. तिथे श्रम ब्युरो आहारातल्या जिनसांची महागाई मोजतो. त्या आधारावर प्राथमिकच्या मुलामागचा साहित्यखर्च डिसेंबर २०२४ मध्ये ५.४५ वरून ६.१९ रुपये आणि मे २०२५ पासून ६.७८ रुपये झाला. रक्कम तुटपुंजी असेल, पण पद्धत योग्य आहे. पहिलीतल्या मुलाला लागू होणारे गणित अंगणवाडीतल्या त्याच्या धाकट्या भावंडाला का लागू नसावे?

यावर पहिला आक्षेप गळतीचा: वाढीव पैसा ठेकेदाराच्याच खिशात जाईल. गळती खरी आहे, पण न परवडणारा दर तिला खतपाणीच घालतो. ज्या दरात खिचडी निघत नाही, त्यात प्रामाणिक बचत गट टिकत नाही. डाळ पातळ करणाराच टिकतो. दुसरा आक्षेप असा, की आईच्या हातात थेट रोख देणे बरे. महाराष्ट्राच्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये गरीब घराला आधार देतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यातून भाडे, औषध, उधारी सगळेच भागवायचे असते. मुलाच्या ताटासाठी त्यातला वाटा राखीव नसतो. शिवाय ही रक्कमही महागाईला बांधलेली नाही. ती २,१०० करण्याचे आश्वासन मिळाले ते विधानसभा निवडणुकीच्या प्रचारात. मुलांना मत नसते.

तिसरा आक्षेप तिजोरीचा. ‘लाडकी बहीण’साठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटी रुपयांची तरतूद करणाऱ्या महाराष्ट्राने जानेवारी २०२५ मध्ये शाळेतल्या अंड्याचा निधी थांबवला आणि अंडी लोकसहभागातून द्यावीत असे सुचवले. म्हणजे प्रश्न पैशाइतकाच प्राधान्याचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले खुजी होती. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ३४.४ टक्के होते. ही नोंद २०१९ मधली, करोनापूर्वीची. त्यामुळे साथीवर खापर फोडता येणार नाही. केंद्राने आहाराचा दर दरवर्षी निर्देशांकानुसार सुधारण्याची तरतूद कायद्यातच करावी. तोवर राज्याने आपल्या तिजोरीतून फरक भरून काढावा; त्याला दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.