मुक्या पेट्यांचा दोष

चतुर्थीपूर्वीची साफसफाई सुरू झाली की गोव्यातील घराघरांत एक ठरावीक दृश्य दिसते. माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली उतरतात आणि वसरीच्या कोपऱ्यातल्या दोन अवजड लाकडी पेट्या भंगारवाल्याच्या टेम्पोत चढतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत कुवेत-बहारीनला नोकरीस गेलेल्या किंवा बोटीवर असलेल्या मुलाने आणलेल्या स्टिरिओचे हे स्पीकर. सान्सुई, अकाई, पायोनिअर ही नावे त्या काळी वाड्यावरच्या लहान मुलांनाही पाठ असत. याच पेट्यांतून अभिषेकीबुवांची नाट्यपदे आमच्या कित्येक पिढीबंधूंनी प्रथम ऐकली. आज ‘आवाज फाटतो’ एवढ्या एका वाक्यावर त्यांचा निकाल लागतो आणि किलोवर भाव ठरतो. आमचा आक्षेप या निकालाला आहे. कारण तो बहुधा तपासाविनाच दिला जातो.

वस्तुतः स्पीकरइतके सरळ यंत्र घरात दुसरे नसेल. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली त्याची जी रचना मांडली, तीच मूलतः आजही चालते : लोहचुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे वेटोळे, त्यास जोडलेला कागदी शंकू, आणि शंकूला सांभाळणारी लवचीक कड. १९५४ मध्ये एडगर व्हिलचर यांनी बंद पेटीतील हवेचीच स्प्रिंग करण्याची युक्ती व्यवहारात आणली. त्यानंतर ही कड अधिकाधिक मऊ होत गेली आणि पुढे पुष्कळ कारखान्यांनी ती पॉलियुरेथेन फोमची केली. या फोमचा वैरी म्हणजे दमट हवा. ओलाव्याने त्याचे रेणू तुटत जातात आणि पंधरा-वीस वर्षांत तो चिकट होऊन बोटाला लागतो किंवा भुगा होऊन गळतो. जेथे चार महिने पापडही कुरकुरीत राहत नाही, तेथे त्याची काय कथा! रबराची किंवा कापडाची कड असलेले स्पीकर मात्र त्याच घरात शाबूत सापडतात.

म्हणजे आवाज फाटण्याचे कारण बहुधा काही रुपयांच्या या कडेत असते. चुंबक, वेटोळे, शंकू सारे धडधाकट असते. पण तेवढ्यावर न थांबता क्रमाने पाहावे. प्रथम अॅम्प्लिफायर बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल करावी. दोष दुसऱ्या पेटीत गेला तर पेटी निरपराध, खोट अॅम्प्लिफायरात किंवा तारेत आहे. दोष जागचा हलला नाही तर पुढची जाळी काढावी. दोन्ही हातांची बोटे मोठ्या शंकूवर समान दाबाने ठेवून तो अलगद आत ढकलावा. खरखर ऐकू आली तर वेटोळे फटीत घासते आहे. पेटी आपटून चुंबक सरकला असला तरी असेच होते. मग दीड व्होल्टचा साधा सेल पेटीच्या टोकांना क्षणभर टेकवावा. मोठा शंकू टपकन हलला की तो जिवंत आहे असे समजावे. लहान स्पीकरचा, म्हणजे ट्वीटरचा निवाडा या सेलने होत नाही, कारण त्याच्या वाटेतला कपॅसिटर बॅटरीची वीज अडवतो. त्याच्या तारा सोडवून मल्टिमीटर लावावा. आठ ओहमचा ट्वीटर साधारणतः सहा-सात ओहम दाखवतो. काटा हललाच नाही तर वेटोळे जळले आहे. हलला आणि तरीही पेटीत तो मुका, तर संशय कपॅसिटरवर. तो कालांतराने सुकतो, आणि बदलताना धन-ऋण भेद नसलेलाच घालावा लागतो. ट्वीटर जळण्याचे खापर आपण वयावर फोडतो. पुष्कळदा ते लग्नसमारंभात छोट्या अॅम्प्लिफायरकडून कुवतीबाहेर काम घेतल्याचे फळ असते.

दुरुस्ती मात्र घाईची नव्हे. जुना फोम व गोंद खरवडून काढणे, त्याच मापाची कड आणणे, मधली टोपी उचलून वेटोळ्याभोवती पातळ पट्ट्या खोवून ते मध्यावर आणणे, गोंद लावून एक दिवस वाट पाहणे, हे सारे धीराचे काम. तो धीर नसला की काय होते, हे फोंड्याकडील आमच्या एका स्नेह्यांच्या घरी पाहिले. दुकानदाराने मोठे स्पीकर काढून बाजारात मिळाले ते बसवले. मूळचे परत मागितले तेव्हा ते भंगारात गेले होते. आता त्या पेट्यांतून तबल्याचा डगा पिंप बडवल्यासारखा वाजतो. दुरुस्तीच्या नावाखाली झालेला हा नाश फेकून देण्याहूनही वाईट, असे आम्ही म्हणू.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही तिची क्षेत्रे. हेतू स्तुत्य आहे. पण ज्याचा कारखानाच आता ते मॉडेल ओळखत नाही अशा वस्तूला कागदावरचा हक्क कोठून पुरणार? तिला जाणता हात लागतो. असे हात गोव्याच्या बाजारपेठांतून अजून आहेत, पण त्यांचे केस पिकले आहेत आणि दुकानात शिकाऊ पोर दिसत नाही. राज्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात अशा कारागिरांना आठवड्यातून एक दिवस मानधनावर बोलवावे, ही आमची मागणी आहे. शिकवण्यास लागणारे सामान तर चतुर्थीच्या आधी दारोदार फुकट मिळेल.