उजेड कडेलाच हवा

यंदाच्या बालमेळाव्याचा विषय समुद्र ठरला आणि पहिली सूचना आली ती चमकणाऱ्या जेलीफिशची. सूचना उत्तम आहे. कागदाची अर्धगोल छत्री, खाली सोडलेल्या झिरमिळ्या, आत उजेड. दरवर्षी दिवाळीत आकाशकंदील करणाऱ्या आपल्या घरांना हे काम शिकवावे लागणार नाही. विचार करायचा तो उजेडाचा. अशा हस्तकलेत सहसा छत्रीच्या मधोमध बटण सेलवरचा छोटा दिवा बसवतात. मग सगळी जेलीफिश दिव्यासारखी पेटते आणि समुद्रात ती अशीच दिसते असे मुलांना वाटते. आमचे म्हणणे एवढेच, की उजेड कुठे असतो आणि कुठून येतो हे मुलांना खरे दाखवावे. त्यातच जास्त गंमत आहे आणि धोकाही कमी आहे.

त्यासाठी सिएटलकरांना फार लांब जायला नको. सॅन वॉन बेटांवरचे फ्रायडे हार्बर आपल्यापैकी अनेकांनी फेरीने जाऊन पाहिले असेल. शास्त्रज्ञ ओसामू शिमोमुरा १९६१च्या उन्हाळ्यात प्रिन्स्टनहून तिथल्या प्रयोगशाळेत आले ते ‘इक्वोरिया व्हिक्टोरिया’ या काचेसारख्या पारदर्शक जेलीफिशसाठी. त्या एका मोसमात सुमारे १०,००० जेलीफिश गोळा झाल्या. ही जेलीफिश सर्वांगाने चमकत नाही. तिला डिवचले की छत्रीच्या कडेकडेने हिरवट ठिपक्यांची माळ उमटते, बाकी अंग काळोखातच राहते. म्हणून शिमोमुरा आणि त्यांचे सहकारी फ्रँक जॉन्सन यांनी फक्त कडा कापून घेतल्या. प्रकाश देणारे द्रव्य वेगळे करायचे तर आधी प्रकाश थांबवायला हवा, आणि तो कसा थांबवावा हेच सुटत नव्हते. अखेर आम्लाने तो थांबला. उरलेला रस मोरीत ओतला, तर मोरी निळ्या प्रकाशाने लख्ख उजळली, कारण मत्स्यटाकीतले समुद्राचे पाणी त्याच मोरीत येत होते आणि त्यातल्या कॅल्शियमने प्रकाश पुन्हा जागा केला होता. इक्वोरिन नावाचे प्रथिन हा निळा प्रकाश देते. त्याच्या जोडीचे दुसरे प्रथिन तो शोषून हिरवा करून सोडते. या हिरव्या प्रथिनासाठी शिमोमुरा, मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना २००८चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आज पेशीत काय कुठे चालले आहे हे पाहण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात. १९६१च्या पुढच्या उन्हाळ्यांत जेलीफिश पकडायला शिमोमुरांची पत्नी आणि मुलेही हातात जाळी घेऊन उभी असत.

तेव्हा आपल्या जेलीफिशलाही कडेलाच ठिपके हवेत. अंधारात चमकणारा रंग काडीच्या टोकाने बटर पेपरच्या छत्रीच्या कडेवर लावायचा, थोडा वेळ दिव्याखाली धरायचा आणि खोलीत काळोख करायचा. हा रंग घेतलेला उजेड हळूहळू परत देतो. शेजारच्या टेबलावर ब्लॅक लाइटखाली टॉनिक वॉटरचा पेला ठेवावा. त्यातल्या क्विनिनमुळे पाणी निळे दिसते, पण दिवा बंद करताच निळाई जाते. तिसऱ्या टेबलावर दोनच ग्लोस्टिक, एक गरम पाण्यात, एक बर्फात. गरम पाण्यातली जास्त तेजाळते आणि लवकर विझते. इथे उजेड रसायनांच्या क्रियेतून निघतो, म्हणून जेलीफिशच्या सगळ्यात जवळची हीच. साठवलेला, उसना आणि स्वतः केलेला, असे तीन उजेड मुले स्वतःच्या डोळ्यांनी वेगळे करतील.

‘मुले खेळायला येतात, तिथे शाळा कशाला?’ असे काही पालक म्हणतील. त्यांची काळजी रास्त आहे. फळा लावून कुणी व्याख्यान देऊ लागले तर मुले पळतील. पण दिवा बंद केल्यावर कोणता उजेड विझतो याची पैज लावणे हा खेळच आहे. दुसरा आक्षेप असा, की मत्स्यालयात तर जेलीफिश गुलाबी, जांभळ्या दिसतात. तिथल्या मून जेलीफिशवर रंगीत दिवे सोडलेले असतात, ती स्वतः चमकत नाही. हेही मुलांना सांगण्यासारखेच आहे. तयार दिव्यांनी वेळ वाचतो, हे मात्र खरे. स्वयंसेवकांचा वेळ मोलाचा आहे. तरीही बटण सेल लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, आणि याच कारणाने अमेरिकेत २०२२ मध्ये बटण सेलच्या सुरक्षिततेचा ‘रीसेस लॉ’ हा कायदा आला. पाण्यात फुगणारे रंगीत मणीही आणू नयेत. गिळले तर ते पोटात फुगून आतडे अडवतात.

मराठी मंडळाने जेलीफिश का करावी, असेही कुणी विचारील. कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातल्या काही रात्री लाटा निळ्या चमकतात. तो प्रकाश ‘नॉक्टिलुका’ या एकपेशीय जीवाचा. पावसाळ्यात जुहूला वाहून येणाऱ्या, झोंबणाऱ्या ब्लू बॉटल या जेलीफिशच्या नात्यातल्या, पण खऱ्या जेलीफिश नव्हेत. सुटीत आजोळी जाणाऱ्या मुलांना दोन्ही ठाऊक असावे. शिवाय हात कामात गुंतले की शेजारी बसलेल्या आजीशी मुले मराठीतच बोलू लागतात, आणि ती संधी भाषणांच्या कार्यक्रमात मिळत नाही.

झिरमिळ्यांसाठी जुन्या ओढण्या, साड्यांचे काठ आणि उरलेली लोकर हवी आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी मेळाव्याआधी कार्यकारिणीकडे पोचवावी.