गंजावरची लांबी

“एवढा खर्च करण्यापेक्षा भंगारात का देत नाही?” हा प्रश्न गेले वर्षभर आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. विषय असतो दारातल्या प्रीमियर पद्मिनीचा. आजोबांनी 1984 साली घेतलेली ही गाडी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीचे उत्पादन 2000 च्या सुमारास थांबले. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. तेव्हा पाहुण्यांचे अगदीच चुकते असे नाही. तरीही गाडी ठेवावी असे माझे मत आहे. मात्र ती कशी ठेवावी, हे आम्ही ठेच खाऊन शिकलो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही ती शहरातल्या एका गॅरेजात रंगवून घेतली. रंग असा की तोंड पाहावे! शेजारी कौतुकाने येऊन गेले. दुसऱ्याच पावसाळ्यात आईने पायाखालची मॅट उचलली आणि खालचा रस्ता दिसला. गंज तसाच ठेवून त्यावर लांबी भरली होती. दोष एकट्या गॅरेजवाल्याचा म्हणवत नाही. “स्वस्तात चकाचक करून द्या,” असे आम्हीच सांगितले होते.

ही नुसती दिसण्याची गोष्ट नव्हे. ट्रकसारखी वेगळी चासी पद्मिनीला नसते. तळाचा आणि बाजूचा पत्राच गाडीचा भार वाहतो. तो कुजला म्हणजे गाडीचा कणाच खिळखिळा झाला. लांबीला पत्र्याची ताकद नाही. शिवाय ती ओल धरते, आणि आत गंज वाढतच राहतो.

यंदा आम्ही खर्चाचा क्रम उलटा केला. आधी पाणी कुठून शिरते ते शोधले: काचेचे कडक झालेले रबर आणि दारांच्या तळाशी चिखलाने बुजलेली निचऱ्याची भोके. रबर बदलले, भोके मोकळी केली. मग एका वयस्कर डेंटरकाकांनी कुजका पत्रा चांगला भाग लागेपर्यंत कापला, त्या मापाचा नवा तुकडा ठोकून आकाराला आणला आणि थोडे थोडे अंतर सोडून टाके मारत जोडला. सलग वेल्डिंग केले तर पातळ पत्रा तापून वाकतो, असे ते म्हणाले. त्याआधी बॅटरी सोडवून ठेवायला ते विसरले नाहीत. सांध्यांवर रेड ऑक्साइड, खालून डांबरी लेप. लांबी फक्त शेवटी, नखाएवढ्या खोलगटीपुरती. पैसे तिथेच संपले. त्यामुळे आज आमच्या गाडीची दारे दोन रंगांची आहेत, आणि मित्र हसतात. हसू द्या. तळ शाबूत आहे.

आपल्या जिल्ह्याला हा धडा नवा नाही. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ आणले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी घट्ट बसवला, हे त्यांचे ऋण. पण चित्रांवर लाखेचे वॉर्निशही चढवले. कालांतराने ते पिवळे-काळे पडले, आणि ते काढता काढता पुढच्या पिढ्यांच्या नाकी नऊ आले. गिलावा धरून ठेवणारे काम कुणाच्या नजरेत भरत नाही. डोळ्यांत भरते ते वॉर्निश.

पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी नव्याने करताना तपासणी होते. काहींना तो जाच वाटतो. मला तो न्याय वाटतो. जी गाडी तळाने धड नाही, तिने केवळ आजोबांच्या आठवणीवर रस्त्यावर येऊ नये. आठवणीपेक्षा आत बसलेल्या माणसाचा जीव मोठा.

मित्रहो, जुने जपायचे असेल तर जरूर जपा. पण हाताशी पैसे थोडे असतील तर आधी मॅट उचलून पाहा. रंगाचे पुढच्या वर्षी पाहता येईल.