आकाशातील दृष्टी आणि बांधावरील साक्ष

दुष्काळ महाराष्ट्राला नवा नाही. नवी आहे ती दुष्काळ ठरविण्याची रीत. इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली आणेवारी आणि तिचेच पुढचे रूप असलेली पैसेवारी गावाच्या शिवारात उभे राहून, पीक कापून आणि तोलून काढली जात असे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पर्जन्यमान, पेरणीचे क्षेत्र, मृदेतील ओलावा आणि भूजल यांच्या जोडीला उपग्रहातून दिसणारी वनस्पतींची स्थिती हा निकष आणला. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तो याच संहितेच्या आधारे. जमीन महसुलातील सूट, कृषिपंपांच्या वीजबिलातील सवलत, विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क या साऱ्या गोष्टी त्या निर्णयावर अवलंबून होत्या. आकाशातील उपग्रह हा केवळ शास्त्रज्ञांच्या कौतुकाचा विषय राहिलेला नाही. त्याचा संबंध आता शेतकऱ्याच्या चुलीशी पोहोचला आहे.

ही दृष्टी भारताला कोणी दान दिलेली नाही. १९७० मध्ये डॉ. पिशारोथ राम पिशारोटी यांनी केरळमधील रोगट नारळबागांची अवरक्त छायाचित्रे हेलिकॉप्टरमधून घेतली आणि या देशातील दूरसंवेदनाचा पाया घातला. पुढे अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचे संदेश हैदराबादजवळील शादनगर येथे घेतले जाऊ लागले. भूमी आपली, पण तिचे चित्र परक्याच्या उपग्रहातून! १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा स्वदेशी दूरसंवेदन उपग्रह अवकाशात गेला, तोही रशियन अग्निबाणावर, बैकानूरहून. रिसोर्ससॅट-१ मात्र १७ ऑक्टोबर २००३ रोजी आपल्याच पीएसएलव्हीने, आपल्याच श्रीहरिकोट्याहून झेपावला. त्यानंतर २०११ मध्ये रिसोर्ससॅट-२ आणि २०१६ मध्ये रिसोर्ससॅट-२ए यांनी ती परंपरा पुढे नेली. चिकाटीने केलेल्या स्वावलंबनाचा हा वस्तुपाठ आहे.

या उपग्रहांच्या कामाचे तत्त्व साधे आहे. हिरवे पान सूर्यप्रकाशातील तांबडा रंग शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते. पान सुकू लागले की हे प्रमाण बिघडते. दोन्ही किरणांची तुलना करून वनस्पतींचा जोम मोजता येतो. उपग्रहाच्या प्रचलित चित्रांत सशक्त पीक लालभडक दिसते, ते या अवरक्त किरणांना लाल रंग दिलेला असतो म्हणून.

परंतु प्रत्येक दृष्टीला मर्यादा असते. रिसोर्ससॅटवरील सर्वांत रुंद पट्टा टिपणारा कॅमेरा एका वेळी ७४० किलोमीटर रुंदीचा प्रदेश पाहतो आणि पाच दिवसांनी पुन्हा तेथे येतो. मात्र त्याचा एक ठिपका ५६ मीटरचा, म्हणजे सुमारे ३१ गुंठ्यांचा. मधल्या कॅमेऱ्याचा ठिपका साडेपाच गुंठ्यांच्या आसपास. सर्वांत सूक्ष्म कॅमेऱ्याचा ठिपका ५.८ मीटरचा असतो, पण त्याच्या दृष्टीचा पट्टा अरुंद आहे. सोयाबीनच्या ओळींत तूर, बांधावर बाभळी आणि कडेला गवत असलेले एकरभर रान त्या मोठ्या ठिपक्यात कसे उमटेल? पीक जळाले आणि तण माजले, तरी वरून हिरवळच दिसू शकते. शिवाय खरिपाच्या ऐन दिवसांत आकाश ढगांनी भरलेले असते, तेव्हा हे कॅमेरे आंधळेच ठरतात. ढगांच्या पलीकडे पाहणारे रडार हा त्यावरचा उपाय. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला, इस्रो आणि नासा यांचा संयुक्त उपग्रह निसार हे त्या दिशेने पडलेले मोठे पाऊल आहे.

यंत्र नि:पक्षपाती असते, तलाठ्याच्या पंचनाम्यावर दडपण येऊ शकते, म्हणून उपग्रहाचाच शब्द अखेरचा मानावा, असे म्हणणारे आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पंचनाम्यात कोणाचे शेत आले आणि कोणाचे राहिले, याच्या कहाण्या गावोगाव ऐकू येतात. तथापि यंत्र पक्षपात करीत नसले, तरी ते चुकतच नाही असे नव्हे. संहिता लिहिणाऱ्यांनीही हे जाणले होते; म्हणूनच तालुक्यातील दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पडताळणी करावी, असे त्यांनी नमूद केले. २०१८ च्या घोषणेनंतरही यादीबाहेर राहिलेल्या अनेक महसुली मंडळांना सवलती लागू कराव्या लागल्या, हे विसरता येणार नाही.

खरी उणीव उपग्रहात नाही. ती उपग्रह आणि शिवार यांमधल्या वाटेत आहे. ज्या चित्रावरून तालुका दुष्काळी ठरतो वा वगळला जातो, ते चित्र त्या तालुक्यातील किती शेतकऱ्यांनी पाहिले आहे? पाच मीटर आणि त्याहून ढोबळ तपशिलाची उपग्रहचित्रे सर्वांना मुक्तपणे उपलब्ध असावीत, असे २०२३ चे भारतीय अवकाश धोरण सांगते. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र राज्याच्या हाताशी आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः आपल्या पिकाची छायाचित्रासह नोंद करू लागला आहे. वरची नोंद आहे, खालचीही आहे. दोन्हींची गाठ घालण्याचे काम उरले आहे.

ते गावातच झाले पाहिजे. हंगामात निदान दोनदा गावाच्या शिवाराचे उपग्रहचित्र मराठी टीपेसह ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे. ग्रामसभेत ते वाचले जावे आणि ज्याला ते आपल्या शेताशी विसंगत वाटेल, त्याला हरकत नोंदविण्याची सोय असावी. गावातील शिकलेल्या तरुणांनी आणि शाळेच्या शिक्षकांनी ते समजावून देण्याचे काम उचलावे. यास मोठा निधी लागत नाही. लागते ती इच्छा आणि थोडी चिकाटी.

असे झाले नाही, तर उपग्रह हा दूरवर बसलेला आणखी एक साहेब ठरेल. तो निर्णय देईल, पण त्याच्याकडे दाद मागता येणार नाही. ज्या देशाने परक्यांच्या उपग्रहावरून स्वतःच्या दृष्टीपर्यंतचा प्रवास केला, त्याने ती दृष्टी बांधावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचविली, तरच ते स्वावलंबन पूर्ण झाले असे म्हणता येईल.