ओरखडा लहान, भुर्दंड मोठा

देशातल्या कोणत्याही शहरात पोचा पडलेली मोटार वर्कशॉपमध्ये न्या. नेमके काय झाले, याच्याही आधी एक प्रश्न विचारला जातो : काम विम्यातून करायचे की रोखीने? दिल्लीत, बेंगळूरुत वा गुवाहाटीत भाषा बदलते, प्रश्न बदलत नाही. दोन उत्तरांची बिलेही दोन असतात, हे ग्राहकाला ठाऊक असते. विम्यातून म्हटले की बंपर बदलावाच लागतो. रोखीने म्हटले की तोच बंपर तापवून सरळ करता येतो. मोठा अपघात नसेल तर बहुतेक जाणकार वाहनधारक क्षणभर विचार करून ‘रोखीने’ असे सांगतात.

त्यांचा हिशेब चुकत नाही, असे माझे मत आहे. चुकते आहे ते दुसरेच काही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी जो दरवर्षी हप्ता भरतो, त्यालाच नुकसान झाल्यावर विम्याला हात लावण्याची भीती वाटते. ही रचना आपण वर्षानुवर्षे चालवून घेतली आहे.

वाहन विम्याचे दोन भाग असतात. त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा १९८८च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. त्याच्या हप्त्यात दावा न केल्याची सवलत मिळत नाही. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक आहे आणि ‘नो क्लेम बोनस’ नावाची सवलत फक्त त्याच हप्त्यावर मिळते. एक वर्ष दावा केला नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. ही शिडी २००२च्या मोटार दरपत्रकातली आहे. १ जानेवारी २००७ पासून या ऐच्छिक भागाचे दर कंपन्यांसाठी खुले झाले, तरी बहुतेक पॉलिसींमध्ये शिडी तीच राहिली. चढायला पाच वर्षे लागतात आणि एका दाव्याने माणूस थेट तळाशी येतो.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. समजा, सवलतीपूर्वीचा ऐच्छिक भागाचा हप्ता १६,००० रुपये आहे आणि मालक ५० टक्क्यांच्या पायरीवर पोहोचला आहे. फाटकाला घासून दार खरवडले. रंगकामाचे बिल ६,००० रुपये झाले. दावा केला तर रंगाच्या सामग्रीवर ५० टक्के घसारा कापला जातो. बिल एकत्रित असेल तर त्याचा चौथा हिस्सा सामग्रीचा धरतात; म्हणजे ७५० रुपये वजा. दीड हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला सक्तीची वजावट १,००० रुपये. हातात आले ४,२५० रुपये. आता दुसरी बाजू. पुढच्या नूतनीकरणाला ५० टक्के सवलत गेली : ८,००० रुपये. त्यानंतर ५० ऐवजी २० टक्के, मग २५, ३५, ४५. पाच वर्षांत मिळून ४,८००, ४,०००, २,४०० आणि ८०० रुपये आणखी गेले. बेरीज २०,००० होते. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला तर २३,६००. गाडी जुनी होत जाते तसा हप्ता उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष तोटा थोडा कमी भरेल. तरीही सव्वाचार हजारांसाठी वीस हजारांच्या आसपास गमावण्याचा हा व्यवहार आहे.

वरच्या पायरीवरच्या माणसाला एक दावा पूर्ण हप्त्याच्या सव्वापट महाग पडतो. ज्याने पहिल्याच वर्षी दावा केला, त्याचा तोटा याच पद्धतीने मोजला तर हप्त्याच्या निम्म्यावर थांबतो. जो जितकी वर्षे जपून गाडी चालवतो, त्याला स्वतःचाच विमा वापरणे तितके महाग होते.

या शिडीला नुकसानीचा आकार दिसत नाही. चार हजारांचा ओरखडा आणि चार लाखांची धडक, दोन्हींची शिक्षा सारखीच. एकदा सवलत गेली की त्याच वर्षीच्या दुसऱ्या दाव्याने बोनसचे आणखी काही बिघडत नाही. मग मोह सुरू होतो. ‘बोनस गेलाच आहे, तर डावी बाजूही याच वर्षी करून घ्या,’ असा सल्ला दिल्लीजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मलाही मिळाला होता, अगदी सौजन्याने. जुने पोचे नव्या अपघाताच्या नावावर चढवण्याच्या या व्यवहाराचा भार अखेर इतरांच्या हप्त्यावर पडतो.

त्याहून गंभीर बाब म्हणजे या शिडीला दोष कोणाचा तेही दिसत नाही. तुम्ही सिग्नलवर उभे आहात, मागून कोणी येऊन धडकले, तुमची कणभरही चूक नाही. तरीही स्वतःच्या पॉलिसीतून दुरुस्ती केली की सवलत तुमचीच जाते. कागदावर दुसरा मार्ग आहे. धडक देणाऱ्याच्या त्रयस्थ विम्यातून मालमत्तेची भरपाई मागता येते. खासगी मोटारीच्या पॉलिसीत त्यासाठी साडेसात लाखांपर्यंतचे संरक्षण असते. पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते. सहा हजारांच्या दारासाठी वकील कोण करील? शिवाय आपल्या रस्त्यांवरच्या सुमारे निम्म्या वाहनांकडे सक्तीचा विमासुद्धा नसतो, हे अधिकृत पातळीवरही वेळोवेळी मान्य झाले आहे. म्हणून रस्त्याच्या कडेला वाद होतो, गर्दी जमते, दोन-तीन हजारांवर तडजोड होते किंवा तीही होत नाही. कायदा मोडणाऱ्याचा खर्च कायदा पाळणाऱ्याच्या सवलतीतून भागतो. याला विमा म्हणायचे, तर शब्द बराच ताणावा लागेल.

दुरुस्ती मुळात इतकी महाग का, हेही विचारायला हवे. २०१४च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार उत्पादकांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती खुल्या बाजारात व स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू दिली जात नाही, हा त्यामागचा निष्कर्ष होता. आदेशाला पुढे आव्हाने दिली गेली. कोपऱ्यावरचा कुशल मिस्त्री मात्र मूळ भागासाठी आजही अधिकृत विक्रेत्याच्या तोंडाकडे पाहतो.

विमा कंपन्यांचे म्हणणे मी मोडीत काढत नाही. लहान दाव्याची पाहणी, कागदपत्रे आणि पडताळणी यांचा खर्च कधी कधी दाव्याएवढाच होतो. विमा आहे तो गाडी पुरात बुडाली, चोरीला गेली, चक्काचूर झाली यासाठी, ओरखड्यांसाठी नव्हे. मला हे मान्य आहे. मग ते उघडपणे सांगावे आणि त्या बदल्यात हप्ता कमी करावा. दरपत्रकात तशी सोय होतीही : मालकाने अधिक वजावट स्वेच्छेने पत्करली तर सूट. पण १५,००० रुपयांपर्यंतचे नुकसान स्वतः सोसायची तयारी दाखवली, तरी ही सूट ३५ टक्के आणि जास्तीत जास्त २,५०० रुपये. इतक्या मोबदल्यात कोण ती स्वीकारील? त्याऐवजी बाजाराने उलट उपाय शोधला : सवलत टिकवण्यासाठी वेगळा हप्ता घेणारे ‘बोनस संरक्षण’. विमा घ्यायचा आणि तो वापरता यावा म्हणून वर आणखी एक विमा घ्यायचा.

भीतीमुळे खोटेपणाही वाढतो. दावा घेतलेला मालक पुढच्या वर्षी कंपनी बदलतो आणि अर्जात ‘दावा नाही’ अशी खूण करतो. पडताळणीत ते उघडकीस आले नाही तर वर्ष निभावते. मोठा अपघात झाला की हीच खूण दावा फेटाळण्याचे कारण ठरते, आणि पाच-दहा हजारांच्या सवलतीपायी लाखांचे संरक्षण हातचे जाते. वाहनधारकाने खिशातून पैसे भरणे पूर्णपणे वैध आहे, हे नाही.

रोखीचा हिशेबही सर्वत्र चालत नाही. कोणाला इजा झाली असेल, मग ती कितीही किरकोळ वाटो, रस्त्यावरची तडजोड धोक्याची असते. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना व विमा कंपनीला कळवणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४नुसार चालकाचे कर्तव्य आहे. धडक समोरून बसली असेल आणि रेडिएटरपर्यंत काही पोहोचल्याची शंका असेल, तर वरवरचा पोचा पाहून निर्णय घेऊ नये.

बदल फार मोठा लागणार नाही. सवलत शून्यावर नेण्याऐवजी दाव्याच्या रकमेनुसार एक-दोन पायऱ्या खाली आणता येईल. दुसऱ्याची चूक सिद्ध झाली असेल तर तिला हात लावू नये. मोटारींत डॅशबोर्डवरचे कॅमेरे दिसू लागलेल्या काळात ते पूर्वीइतके अवघड नाही. जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने गाडी किती आणि कशी चालवली जाते त्यानुसार हप्ता ठरवणाऱ्या जोडसुविधांना परवानगी दिली. चालकाने ब्रेक किती जोराने दाबला हे मोजण्याची तयारी ज्या व्यवस्थेची आहे, तिला धडक मागून बसली की पुढून, एवढी नोंद बोनसच्या हिशेबात घेता यायला हवी.